सावित्रीबाईंची तीन पत्रे आणि आपल्या घरातील इतिहास

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या शाळेत साजरी होते. प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो, मुली नऊवारी लुगडे नेसून सावित्रीबाई होतात, भाषणे होतात. हे सारे उचितच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्या दिवशी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. ज्या स्त्रीला आपण वंदन करतो तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते कशावरून ठाऊक आहे? ते कोणी लिहून ठेवले, कोणी जपले आणि कोणी शोधून काढले?

यंदा या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेने आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्त्रियांच्या इतिहासाच्या संशोधनाची स्पर्धा योजिली आहे. प्रत्येकाने आपल्या घरातील, वस्तीतील अथवा गावातील एका स्त्रीचे जीवन शोधून लिहावयाचे आहे. स्पर्धेची सूचना घरोघरी पोचली तेव्हा काही पालकांनी प्रामाणिक शंका व्यक्त केली. आमच्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, तिच्याविषयी लिहिण्यासारखे काय आहे, असा त्या शंकेचा आशय होता. या शंकेचे उत्तर सावित्रीबाईंच्या चरित्रातच आहे. म्हणून ते चरित्र येथे थोड्या निराळ्या अंगाने, म्हणजे ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटांनी पोचले याचे भान ठेवून, सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

नायगाव ते बुधवार पेठ

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी आजच्या सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील होते. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. विवाहसमयी सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या काळात मुलीच्या हाती पुस्तक देणे हा अधर्म मानला जाई; शूद्र मुलीच्या बाबतीत तर तो दुहेरी अधर्म होता.

जोतीरावांनी त्यांना घरीच शिकविण्यास प्रारंभ केला. पुढील शिक्षणाची जबाबदारी त्यांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी उचलली. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई शिक्षिका म्हणून वर्गात उभ्या राहिल्या. एका भारतीय स्त्रीने सार्वजनिक शाळेत मुलींना शिकविणे ही त्या शहराला मुळीच न मानवणारी घटना होती.

शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई व त्या एक जादा लुगडे जवळ बाळगीत, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. ती आपल्यापर्यंत आली, याचे कारण बळवंत सखाराम कोल्हे यांच्यासारख्या समकालीनांनी आपल्या आठवणी मागे ठेवल्या. त्यांनी त्या ठेवल्या नसत्या, तर चिखलाने माखलेले ते लुगडे इतिहासाला कधीच दिसले नसते.

१८४९ मध्ये समाजाच्या दडपणामुळे या दांपत्याला जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. घर सुटले, शाळा सुटली नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा भरू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत शाळा निघाल्या. महार, मांग आदी अस्पृश्य मुलामुलींसाठीही शाळा चालू झाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. ज्या शहराने त्यांना घराबाहेर काढविले, त्याच शहरात अवघ्या तीन वर्षांनी हा सोहळा घडला.

मुक्ताचा निबंध

याच शाळांमध्ये मुक्ता साळवे नावाची एक मांग समाजातील मुलगी शिकत होती. सुमारे तीन वर्षांच्या शिक्षणानंतर तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अमेरिकन मिशनऱ्यांच्या ज्ञानोदय या नियतकालिकात तो फेब्रुवारी व मार्च १८५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. या किशोरवयीन मुलीने त्यात धर्मग्रंथांवर हक्क सांगणाऱ्यांना जाब विचारला. ज्या धर्माचे ग्रंथ वाचण्याची आम्हाला मनाई आहे तो आमचा धर्म कसा, असा तिच्या युक्तिवादाचा रोख होता. पेशवाईत अस्पृश्यांवर झालेल्या अत्याचारांची तिने नोंद केली. उघड्यावर बाळंत होणाऱ्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या समाजातील स्त्रियांच्या यातना तिने मांडल्या आणि अखेरीस आपल्याच बांधवांना ज्ञानाच्या औषधाकडे वळण्याचे आवाहन केले.

इतिहासाच्या दृष्टीने या निबंधाचे मोल असाधारण आहे. पेशवाईविषयीचे दप्तरखाने कागदांनी भरलेले आहेत. परंतु गावकुसाबाहेर बाळंत होणाऱ्या स्त्रीला पावसात काय सोसावे लागत असे, हे त्यांपैकी कोणत्या कारकुनाने लिहून ठेवले? ते लिहिले एका शाळकरी मुलीने. तिच्या वर्गातील निबंध आज इतिहासाचे अस्सल साधन झाला आहे. शालेय विद्यार्थ्यांनी इतिहास काय लिहावा, असे ज्यांना वाटते त्यांनी मुक्ताचे स्मरण करावे. आणि ज्या शिक्षकांनी त्या मुलीला लिहिते केले, त्यांचेही करावे.

तीन पत्रे

सावित्रीबाई स्वतःही लिहीत होत्या. १८५४ मध्ये त्यांचा काव्यफुले हा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. परंतु त्यांच्या मनाचा आणि कार्याचा थेट प्रत्यय येतो तो त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांतून. ही पत्रे १८५६, १८६८ आणि १८७७ या वर्षांतील आहेत. एकवीस वर्षांच्या अवधीतील केवळ तीन पत्रे. पण त्यांनी केवढा मोठा प्रदेश उजळून टाकला आहे!

पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, नायगावहून लिहिलेले. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी आल्या होत्या. तेथे त्यांच्या भावाने त्यांना बोल लावले. तुम्ही पतिपत्नी महार-मांगांसाठी काम करता, म्हणून वाळीत पडला आहात. जातीच्या रीतीप्रमाणे वागावे, असे त्याचे म्हणणे होते. सावित्रीबाईंनी त्याला दिलेले उत्तर पत्रात आले आहे. गाईबकऱ्यांना कुरवाळणारा, नागपंचमीला विषारी नागालाही दूध पाजणारा माणूस आपल्यासारख्याच हाडामांसाच्या माणसाला शिवून घेत नाही, हे त्यांनी त्याच्या ध्यानी आणून दिले. शेवटी भावाचे मन पालटले. पुण्याच्या पेठांतील विरोध आपण जाणतो. माहेरच्या माजघरातील हा विरोध या पत्रावाचून आपल्याला कळला नसता.

याच पत्रात शाळेच्या कामाचा भार एकटीने वाहणाऱ्या फातिमेचा उल्लेख येतो. तिला त्रास पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास सावित्रीबाईंनी व्यक्त केला आहे. फातिमा शेख यांच्या कार्याचा एवढा जवळचा पुरावा दुसरा क्वचितच मिळेल, आणि तो आहे एका आजारी मैत्रिणीच्या पत्रातील एका वाक्याचा. एखादी स्त्री इतिहासात टिकून राहते ती कधी कधी अशी, दुसऱ्या स्त्रीच्या लेखणीच्या आधाराने.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जुळले होते व सारजा गरोदर राहिली होती. हे उघडकीला येताच गावकऱ्यांनी दोघांना मारीत गावातून फिरविले. त्यांचा जीव घेण्यापर्यंत मजल गेली. वार्ता कळताच सावित्रीबाई तेथे धावल्या. इंग्रजी कायद्यात खुनाला कोणती शिक्षा आहे याची जाणीव देऊन त्यांनी जमावाला आवरले आणि दोघांना सुखरूप पुण्याला जोतीरावांकडे पाठविले. येथे सावित्रीबाई वर्गातील शिक्षिका नाहीत. काठ्या घेतलेल्या जमावासमोर उभी राहिलेली ती एक निःशस्त्र स्त्री आहे. जातीबाहेर प्रेम केले म्हणून लेकरांचे जीव घेणारी गावे आजही वर्तमानपत्रांतून आपल्याला भेटतात. त्यामुळे हे पत्र वाचताना दीडशे वर्षांचे अंतर फार मोठे वाटत नाही.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून आलेले. १८७६ च्या दुष्काळाने मुलूख होरपळला होता. गुरे तडफडून मरत होती, माणसे गाव सोडून जात होती, सावकार संधी साधत होते. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते मदतीला उतरले, तेव्हा त्यांच्यावरच किटाळ घेऊन पन्नास जणांना अटक करविण्यात आली. सावित्रीबाईंनी कलेक्टरची गाठ घेऊन त्यांची बाजू मांडली आणि त्यांची सुटका करविली. गावोगाव हिंडणारी, समित्या उभारणारी, अधिकाऱ्याशी निर्भयपणे बोलणारी ही सेहेचाळीस वर्षांची कार्यकर्ती आपल्या जयंतीच्या भाषणांत फारशी येत नाही. ती या पत्रात आहे.

घराचे दार, पाण्याचा हौद

पत्रांच्या मधल्या वर्षांतही काम अखंड चालू होते. १८६३ मध्ये या दांपत्याने पुण्यातील आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या आणि फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांना तेथे गुप्तपणे बाळंत होण्याची सोय होती. या स्त्रिया बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांतील होत्या. ज्या समाजातून अंगावर शेण आले, त्याच समाजातील लेकीबाळींची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. तेथे जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. १८६८ मध्ये घराच्या आवारातील पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करण्यात आला. पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला पुढे महाडपर्यंत घेऊन गेला. म्हणून त्या हौदाचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुरोहितावाचून विवाह लावण्याची पद्धत रूढ करण्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे महानिर्वाण झाले. अंत्यविधीच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि पतीच्या चितेला अग्नी दिला. पुढे १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगचे थैमान सुरू झाले. डॉक्टर झालेल्या यशवंतरावांनी हडपसरच्या परिसरात रुग्णांसाठी दवाखाना चालविला आणि सावित्रीबाई तेथे शुश्रूषेत गढून गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातील मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचविले. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. वय सहासष्ट वर्षांचे होते.

विस्मरण आणि शोध

यानंतरचा इतिहास आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. १९०५ मध्ये यशवंतरावांचेही निधन झाले. घराण्याला हलाखीचे दिवस आले आणि कागदपत्रे जपणारे कोणी उरले नाही. सावित्रीबाईंचे स्वतंत्र अल्पचरित्र १९३९ मध्ये शांताबाई बनकर यांनी लिहिले. म्हणजे मृत्यूनंतर तब्बल बेचाळीस वर्षांनी, आणि तेही एका स्त्रीने. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली कितीतरी माणसे तोवर काळाच्या पडद्याआड गेली होती. डॉ. मा. गो. माळी यांनी परिश्रमपूर्वक लिहिलेले चरित्र १९८० मध्ये आले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव २०१४ मध्ये मिळाले. भिडे वाड्याची वास्तू तर वर्षानुवर्षे जीर्ण अवस्थेत न्यायालयीन वादात अडकून पडली होती. स्मारकासाठी ती जागा मोकळी होण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

सावित्रीबाईंसारख्या थोर स्त्रीचे चरित्र जर तीन पत्रे, काही कविता आणि मूठभर माणसांच्या आठवणी यांच्यावर उभे असेल, तर आपल्या आज्या-पणज्यांचे काय? बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जोतीरावांना गुरू मानले. त्यांच्या चळवळीत स्त्रिया हजारोंच्या संख्येने सामील झाल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेला सुमारे पंचवीस हजार स्त्रिया उपस्थित होत्या. त्यांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या दारी जाऊन, त्यांना बोलते केले आणि १९८९ मध्ये आम्हीही इतिहास घडवला हा ग्रंथ सिद्ध केला. तो ग्रंथ आपल्या स्पर्धेचा खरा वस्तुपाठ आहे. त्या दोघींनी विलंब केला असता, तर त्यातील अनेक कथा त्या स्त्रियांबरोबरच चितेवर गेल्या असत्या.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर उभी असलेली वीस वर्षांची तरुणी आज नव्वदीच्या घरात आहे. आईच्या कडेवर बसून तेथे गेलेली मुलगीही सत्तरी गाठून आहे. त्यांच्या आठवणी नोंदविण्यासाठी आपल्या हाती फार वर्षे उरलेली नाहीत. ही स्पर्धा याच वर्षी घेण्याचे कारण एवढेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, काम असे करावे

सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीजवळ बसा. मोठे प्रश्न विचारू नका, लहान विचारा. नागपूरला जाण्यासाठी पांढरे लुगडे कोठून मिळविले? वाटेत शिदोरी काय होती? पाणवठ्यावर कोण कोठे उभे राहत असे? घरातील देव्हारा कोणी उचलला आणि त्या रात्री घरात कोणाला भीती वाटली? लहान प्रश्नाचे उत्तर देताना माणूस खरे आठवतो. मोठ्या प्रश्नाचे उत्तर देताना तो भाषण करतो.

आजीला सन सांगता येणार नाही. मोठ्या घटनेच्या आधाराने काळ ठरवा. १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा, यांच्या आधीचे की नंतरचे, ते विचारा. दुष्काळात खडी फोडताना कडेवर कोणते मूल होते हे आईला पक्के ठाऊक असते.

मग कागद शोधा. शाळेचा दाखला, शिधापत्रिका, सातबारा, तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना आपण कोतवाल बुक म्हणतो, ते सारे पाहा. येथे एक अडचण हमखास येईल. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत असल्यामुळे माहेरचे नाव एक व सासरचे दुसरे आढळेल. काही नोंदींत तर केवळ अमक्याची बायको एवढेच असेल. अशा वेळी थांबू नका. तिच्या माहेरच्या गावी जा, तिचे जन्मनाव शोधा आणि ते आपल्या निबंधात पहिल्या ओळीत लिहा. एवढेच शोधून काढलेत तरी तुम्ही इतिहासाचे काम केलेत.

आजीचे सांगणे आणि कागद यांत फरक पडला, तर दोन्ही लिहा. जे तिने सांगितले ते तिने सांगितले म्हणून लिहा, जे कागदावर आहे ते कागदावरचे म्हणून लिहा, आणि तुमचे अनुमान निराळे ठेवा. आपल्या माणसाचे मोठेपण वाढविण्यासाठी पदरचे काहीही घालू नका. शतकानुशतके आपल्याविषयी खोटे लिहिले गेले. त्याची भरपाई आपण खोटे लिहून करू शकत नाही. जे सांगू नये असे तिला वाटते, ते लिहू नका. जिचे चरित्र लिहाल, तिला ते लिहून झाल्यावर वाचून दाखवा. आपल्या आयुष्यावर कोणी काही लिहिले, हे अनेकींना त्या दिवशी प्रथमच कळेल.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे की, घरातील जुनी पत्रे, छायाचित्रे, परिषदांची निमंत्रणे, भजनी मंडळांच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मुलांना दाखवाव्यात. स्पर्धेला पारितोषिके आहेत. परंतु आलेली प्रत्येक वही, क्रमांक मिळो वा न मिळो, शाळेच्या ग्रंथालयात जतन केली जाईल. आईने आयुष्यभर खुरपणी केली, असे ज्यांनी लिहून कळविले त्या पालकांनी आपल्या मुलाला तेवढेच सांगावे. ती कोणाच्या शेतात, किती मजुरीवर, किती वर्षे खुरपत होती आणि त्या मजुरीतून तिने कोणाकोणाला शिकविले, हे मूल विचारून घेईल.

जय भीम! नमो बुद्धाय!